लोणार ते बुलढाणा: बाहेर जाणाऱ्या बॉलसाठी एक प्रवास

आईनं मला बुलढाण्याला जाऊ दिलं ते हॉकीसाठी नाही, बिबड्यांसाठी. मावशी बुलढाण्याला राहायची. आईच्या हातच्या ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, तळल्याशिवाय तिच्याकडे पाहुण्यांचं ताट पूर्ण होत नसे, आणि तो डबा बाबांच्या हाती द्यायला आई तयार नव्हती.

"तुमचं ध्यान त्या बॉलात," आई म्हणाली. "डबा कुठी इसरसान, काई नेम नाई. विमलले संगं घेऊन जा."

बाबांनी वाद घातला नाही. ते शाळेत गुरुजी होते, गावच्या हॉकी संघाचे चिटणीसही होते, आणि त्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात एकच विषय होता. आमचा लोणारचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याच्या फायनलला पोचला होता. गोलात उभा राहणार होता माझा मोठा भाऊ वसंतदादा. निदान तोवर तरी तसं ठरलेलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तुम्ही आता लोणारला येता, तळ्याच्या काठावर उभं राहून फोटो काढता, वर झऱ्याच्या धारेवर हात-पाय धुता आणि संध्याकाळच्या आत परत निघता. काही हरकत नाही. पण काठावरच्या सपाट जागांकडे एकदा नीट बघा. अशाच एका जागी आमचं मैदान होतं. एका बाजूचा गोल गावाकडे आणि दुसरा तळ्याकडे. तळ्याकडच्या गोलामागे चार-सहा पावलं जमीन, मग उतार, बाभळी आणि खूप खाली ते खारं पाणी.

संघाकडे चांगला बॉल एकच असायचा. तो गोलामागे गेला की घरंगळत खाली जायचा. कधी झुडपात सापडायचा, कधी पाण्यापर्यंत पोचायचा आणि त्या पाण्यात त्याच्या चामड्याची पार वाट लागायची. म्हणून गावानं एक नियम केला होता: ज्याच्यामुळे बॉल खाली गेला, त्यानंच उतरून आणायचा. मारणाऱ्याचा दोष असेल तर त्यानं, अडवणाऱ्याचा असेल तर त्यानं. कोणाचा दोष यावर आधी भांडण व्हायचं आणि मग एक जण उतरायचा. पण तोवर अंधार पडायला लागायचा आणि त्या दिवसाचा खेळ संपायचा. त्यामुळे आमच्याकडे गोलकीपर म्हणजे नुसता गोल राखणारा नव्हे. गोलात येणारा बॉल तर तो अडवायचाच, पण पोलच्या चांगला हातभर बाहेरून जाणाराही पाय लांब टाकून अडवायचा. दादा लहानपणापासून हेच करत आला होता. गावात त्याचं कौतुक याचंच होतं.

बाहेरगावी मात्र ही सवय महागात पडली. वरवट बकालच्या संघाविरुद्ध एक बॉल सरळ बाहेर चालला होता. गेला असता तर खेळ आमच्या बाजूनं सुरू झाला असता. दादानं झेप घेऊन तो अडवला, बॉल त्यांच्या फॉरवर्डपुढे पडला आणि त्यानं आत ढकलला. सामना जिंकलो तरी हा गोल गावाच्या जिव्हारी लागला. उपांत्य सामन्यात डोणगावविरुद्ध पुन्हा तेच. आम्ही जिंकलोच, पण लोणारच्या चौकात बोलणं एकच होतं: बाहेर जाणारा बॉल हा काऊन अडवते?

संघ आदल्या दिवशी पुढे गेला आणि आम्ही सकाळच्या एस.टी.नं निघालो. थंडीचे दिवस होते. अर्धी गाडी लोणारच्या हॉकीवाल्यांची. मी खिडकीशी, मांडीवर बिबड्यांचा डबा, शेजारी बाबा. मागच्या बाकावर देवराव, त्यांचं चौकात पानाचं दुकान होतं, आणि त्यांच्याजवळ सखारामकाका, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला शेती करणारे. या दोघांचं कशावरही एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही, आणि एकमेकांवाचून दोघांचाही दिवस जात नसे.

"गुरुजी, तुमचा पोरगा हाय म्हणून बोलत नाई," देवराव गाडी सुरू व्हायच्या आत बोललेच. "पन फायनलले गोलात नाथाले घ्या." नाथा म्हणजे संघातला राखीव गोलकीपर.

"काऊन? वसंतानं काय घोडं मारलं?" सखारामकाका म्हणाले.

"सीझनभर जेवढे गोल झाले, त्यातले निम्मे त्यानं सोता बोलावून आनले. जानारा पाहुना दारातून वापस आनते तो!"

गाडीत हशा पिकला. बाबा हसले नाहीत. मला त्या देवरावांचा इतका राग आला की डब्याचं झाकण मी उगाच दोनदा उघडून लावलं.

मेहकरला गाडी बराच वेळ थांबली. चहा घ्यायचा तर स्टँडवरच घ्यावा, गावात शिरलात तर गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. चहावाला भाव आण्यांत सांगायचा आणि घ्यायचा नवे पैसे, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाशी त्याची एक छोटी लढाई व्हायची. आमच्या मंडळींचं तिकडे लक्षच नव्हतं. बशीत चहा ओतून, उभ्या-उभ्या, सगळा संघ पुन्हा निवडला जात होता.

"वसंतानं अडवलेले मोजा ना," सखारामकाका सांगत होते. "तो नसता तं फायनल पाह्याले आपन घरूनच निघालो नसतो."

"ते ठीक हाय. पन सवय ते सवय. ते फायनलले सुटन का?"

मग सगळे बाबांकडे बघायला लागले. निवड कॅप्टन आणि चिटणीस मिळून करायचे, आणि कॅप्टन बाबांचा विद्यार्थी, म्हणजे निवड बाबांचीच. बाबांनी बशी खाली ठेवली.

"वसंता खेळन," ते म्हणाले. "पन बाहेर जानारा एकबी बॉल त्यानं अडवला, तं पुढच्या सीझनपासून गोलात नाथा. माह्या घरचा हाय म्हणून सूट नाई."

मंडळी खूश झाली. न्याय झाल्यासारखं वाटलं सगळ्यांना. मला मात्र तसं वाटलं नाही, कारण दादाला त्या गोलाखेरीज दुसरं काही नको होतं. कापसाच्या जिनात कामाला जायचा, आणि संध्याकाळी मैदानावर आला की माणूस वेगळाच दिसायचा.

पुढचा रस्ता लव्हाळ्यावरून चिखलीला. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका गाडीकडे मान वर करून बघायच्या. लव्हाळ्याच्या पुढे कोणीतरी शिदोरी सोडली आणि मग सगळ्यांनीच सोडली: भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. देवरावांनी स्वतःच्या भरतातला मोठा वाटा माझ्या भाकरीवर ठेवला. "रागावू नको वं पोरी," म्हणाले. "तुह्या भावाचं वाईट नाई पाहत मी." भरीत इतकं चांगलं होतं की राग धरणं अवघड गेलं, तरी मी थोडा धरलाच.

चिखली सोडलं की बुलढाण्याची हवा बदलते. गार, हलकी. तेव्हा तर गावात झाडी दाट होती. हिवाळ्यात जाणार असाल तर अंगावर काहीतरी ठेवा. माझ्याकडे काही नव्हतं, मावशीनं दारातच तिची शाल माझ्या अंगावर टाकली, आणि डबा हातातून घेतला तेव्हा कुठे माझं अधिकृत काम संपलं.

सामन्याआधी बाबा मला घेऊन खेळाडू बसले होते तिथे गेले. दादा पायाला पॅड बांधत होता. बाबांनी सगळ्यांसमोर, मेहकरला बोलले तेच शब्द पुन्हा सांगितले. दादानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं.

"हो," एवढंच म्हणाला, आणि पॅडचा पट्टा पुन्हा आवळला.

मैदान मुरमाचं होतं, आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान. समोर बुलढाण्याचाच संघ, गर्दीही त्यांचीच. आम्ही लोणारवाले एका लांब कडेला घोळका करून उभे राहिलो. मध्ये बुली झाली, खेळ सुरू करायला दोन स्टिका एकमेकींवर वाजल्या आणि पुढचा बराच वेळ आमच्यापैकी कोणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही.

दादा त्या दिवशी जसा खेळला तसा पुन्हा कधी खेळला नाही. पहिल्या अर्ध्यात त्यानं काय काय अडवलं ते सांगत बसले तर लेख इथंच संपेल. मध्यांतराला देवराव स्वतःहून म्हणाले, "माह्या तोंडात माती." दुसऱ्या अर्ध्यातही दोन्हीकडे गोल नाही. आणि बाहेर जाणारे दोन बॉल त्यानं चक्क जाऊ दिले. प्रत्येक वेळी आमच्या घोळक्यातून असा आनंद उसळला की बुलढाण्याचे लोक आमच्याकडे बघायला लागले. बॉल बाहेर गेला म्हणून नाचणारं गाव त्यांनी पाहिलं नसावं.

सामना संपत आला होता. त्यांच्या एका फॉरवर्डनं उजवीकडून तिरका फटका मारला. बॉल घसटत पोलच्या दिशेनं निघाला. आम्हाला वाटलं, बाहेर. सगळ्यांनाच वाटलं.

"सोड!" कोणीतरी ओरडलं, आणि लगेच सगळे. "सोड बे! सोड!"

आणि त्या सगळ्यांच्या वर एक आवाज आला. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला. "सोड, वसंता!"

दादाचा पाय निघाला होता. मी स्वतः पाहिलं. निघालेला पाय त्यानं मागे घेतला.

बॉल पोलच्या आतल्या अंगाला लागला आणि मागच्या फळीवर ठक्कन वाजला.

आम्ही एका गोलानं हरलो. मावशीनं रात्री बिबड्या तळल्या, कोणी फारशा खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत संघही आमच्याबरोबर होता. चिखलीपर्यंत सगळ्यांनी झोपेचं सोंग घेतलं. लोणारची माणसं आणि गप्प, म्हणजे काय ते समजा. पुढे देवरावांना राहवलं नाही.

"मी तं तोंड उघडलंच नाई," ते म्हणाले.

"तुहा आवाज चिखलीपावतर गेलता," सखारामकाका.

"आन् तू? तू काय भजन म्हनत होता?"

मग हळूहळू प्रत्येकानं सांगितलं की ओरडणारा तो नव्हता. ऐकत गेलं तर असं वाटावं की त्या कडेला कोणी उभंच नव्हतं. शेवटी देवराव मागे वळले. दादा सगळ्यात मागच्या बाकावर पॅडचं पोतं पायाशी घेऊन बसला होता.

"वसंता, खरं सांग. कोनाचं आयकलं बे तू?"

गाडीतल्या सगळ्या माना वळल्या. बाबांची नाही वळली. ते खिडकीबाहेर बघत होते.

"ध्यान नाई," दादा म्हणाला. "लय जन ओरडत होते."

बस. मेहकरला चहा झाला, पण संघ कोणी निवडला नाही.

त्याच संध्याकाळी नेहमीसारखा सराव ठेवला होता. अर्धं गाव मैदानावर आलं. मी आणि आईही गेलो, आई एरवी कधी यायची नाही. दादा तळ्याकडच्या गोलात उभा राहिला. थोड्या वेळानं एक बॉल पोलच्या बाहेरून निघाला, साधाच, महिन्याभरापूर्वी त्यानं झोपेतही अडवला असता. तो बघत राहिला. अडवावा की सोडावा हेच त्याला कळेना, ते आम्हाला लांबून दिसत होतं. बॉल त्याच्या पायाजवळून गेला, ती चार-सहा पावलं जमीन संपली, आणि खाली बाभळींत घरंगळत गेल्याचा आवाज आला.

कोणाचा दोष यावर भांडण झालं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. दादानं स्टिक खाली ठेवली आणि उताराकडे निघाला.

"थांब," बाबा म्हणाले.

ते घोळक्यातून पुढे आले. चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला.

"हा माहा हाय."

आणि उतरायला लागले. बाबांचे गुडघे तेव्हाच दुखायचे, शाळेच्या पायऱ्याही ते हात टेकून चढत. दादा मागोमाग निघाला तर आईनं त्याचा दंड धरला. "जाऊ दे त्याईले," ती म्हणाली.

बराच वेळ लागला. देवराव, सखारामकाका, सगळे काठावर येऊन खाली बघत उभे. बाबा वर आले तेव्हा धोतराला काटे लागलेले, एका पोटरीवर लांब ओरखडा, आणि हातात बॉल. त्यांनी तो दादाच्या हातात दिला.

"काल आवाज माहा होता," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माहीत हाय, बाबा."

"आतापासून तुले वाटन तो अडव. कडेवर उभं राह्यलं की बॉल किती पुढं आला ते दिसते. पोलच्या आत का बाहेर, ते नाई दिसत. ते तुलेच दिसते."

दादानं नुसती मान हलवली आणि गोलात जाऊन उभा राहिला. पुढचा बॉल बाहेर चालला होता, हातभर तरी. त्यानं झेप घेऊन अडवला. देवराव काहीतरी बोलणार होते, सखारामकाकांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

त्या प्रवासातून आम्ही काही जिंकून आणलं नाही. दादा पुढे बरीच वर्षं गोलात उभा राहिला, बाहेर जाणारे बॉल अडवत राहिला, त्यापायी गोलही खाल्ले, आणि लोणारच्या चौकात त्यावरचा वाद काही मिटला नाही. मी अजून लोणारला गेले की काठावर जाऊन उभी राहते आणि बाबा कुठून उतरले असतील ते शोधते. बाभळी आता इतक्या वाढल्यात की नक्की जागा सांगता येत नाही.

बाबा मात्र त्यानंतर सामन्याला कडेला कधी उभे राहिले नाहीत. पोलच्या मागे, दादाच्या पाठीशी उभे राहायचे, आणि तोंडात सुपारी धरायचे, ओरडता येऊ नये म्हणून. एरवी ते सुपारी खात नसत. सामन्याच्या दिवशी आई ती आठवणीनं त्यांच्या खिशात टाकायची.