ओदोरीच्या बर्फात दोघं

लग्नाला तीस वर्षं होत आली, पण साप्पोरोचा बर्फाचा उत्सव मित्सुएनं नवऱ्याबरोबर एकदाही पाहिला नव्हता. जन्मली ती त्याच शहरात, उत्सव भरतो त्या ओदोरीच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर. आणि येऊन पडली कुठं, तर पार उत्तरेला, तेशिओच्या माळावर, तोकुजीच्या गोठ्यात.

गाईंना काय, सण ना वार. सकाळ-संध्याकाळ धार काढायचीच. चुकली की कास दगडासारखी होते आणि जनावर तापानं फणफणतं. म्हणून दोघांनी पाळी लावून घेतली होती. एका वर्षी तिनं जायचं, एका वर्षी त्यानं. ती परत आली की दोन दिवस तिचं तोंड मिटायचं नाही. यंदा बर्फाचा केवढा किल्ला उभारलाय, बहिणीनं खेकडा कसा आग्रह करकरून वाढला, मिसो रामेनच्या वाफाळत्या शेवयांवर लोण्याचा केवढा गोळा होता! तोकुजी परत आला की बिस्किटांचा डबा ओट्यावर ठेवायचा आणि बूट काढत म्हणायचा, "थंडी होती. गर्दी होती."

"अहो, पण बघितलंत काय?"

"बर्फ."

झालं, संपला विषय. मित्सुएच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बर्फच बघायचा तर गोठ्यामागं काय कमी पडला होता? या माणसाला हौस म्हणून नाहीच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तरी एक गोष्ट मनातनं जाईना. आपल्या गावच्या रस्त्यावर आपला माणूस एकदा तरी आपल्या शेजारनं चालावा. एवढंच. दर हिवाळ्यात तिला त्याची ओढ लागायची, आणि तिचं वर्ष आलं की ती एकटीच बसमध्ये बसायची.

यंदा योग आला. धार काढायला दिवसाच्या बोलीवर बाया-माणसं मिळतात, पण उत्सवाच्या दिवसांत ती सगळ्यांनाच हवी असतात. मित्सुएनं उन्हाळ्यातच होरिएबाईंना सांगून ठेवलं होतं. पन्नाशीच्या होरिएबाई पहाटेच हजर झाल्या.

"जा बिनघोर," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यासाठी काही आणू नका. आणलंच तर गोड आणा."

बस साप्पोरोला पोचली, दोघं खाली उतरली, तोच तोकुजीचा फोन वाजला. होरिएबाई अंगणातल्या बर्फावर घसरल्या होत्या, मनगट टम्म सुजलं होतं.

"सकाळची धार झाली हो दादा, पण संध्याकाळची काही या हातानं होत नाही. दुसरं कोणी मोकळं नाही, सगळीकडं विचारून बघितलं."

शेजाऱ्यांना सांगावं, तर त्यांच्या गळ्यात त्यांच्याच गाई. परतीची बस तासाभरात होती. हातातोंडाशी आलेला घास गेला. मित्सुएचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलेही नाहीत.

"तू थांब," तोकुजी म्हणाला. "बहीण वाट बघत असेल. मी जातो."

"तासभर आहे ना? चला, रामेन तरी खाऊन घ्या. बर्फाचे पुतळे काय, तुमचे बघून झालेत."

तोकुजी जागचा हलेना. टोपी काढली, पुन्हा घातली.

"रामेन राहू दे. पुतळे कुठल्या बाजूला?"

"कुठल्या बाजूला म्हणजे? इतक्या वेळा आलात की!"

"आलो की. इथंच." त्यानं बसस्टँडच्या बाकाकडं मान उडवली. "भाताचे गोळे खायचो, बिस्किटं घ्यायचो, परतीची बस धरायचो."

"पण का?"

"तुझं गाव ते. एकट्यानं काय बघायचं?"

ज्याला मित्सुए इतकी वर्षं अरसिक म्हणून टोचून बोलली, तो या बाकावर बसून सगळं तिच्यासाठी शिल्लक ठेवत होता.

"येडं माणूस," ती कशीबशी म्हणाली आणि त्याची बाही धरून चालायला लागली.

पायाखाली तुडवून तुडवून बर्फ गुळगुळीत झाला होता. छोटी छोटी पावलं टाकत, एकमेकांना सावरत दोघं गर्दीतनं निघाली. ही माझ्या शाळेची वाट, इथं बाबा मक्याचं कणीस घेऊन द्यायचे, असं ती भराभर सांगत होती आणि तोकुजी प्रत्येक ठिकाणी थांबून "हं" म्हणत होता. बर्फाच्या किल्ल्यासमोर मात्र तो मान वर करून उभाच राहिला.

"एवढा?" तो हळूच म्हणाला. "तू सांगायचीस तेव्हा वाटायचं, वाढवून सांगतेस."

अजून केवढं दाखवायचं राहिलं होतं. संध्याकाळचे दिवे, नदीकाठ, जुनं घर होतं ती गल्ली. पण वेळ संपला होता.

बस लागली तसा तोकुजी चढून बसला. "जा आता बहिणीकडं," त्यानं आतनं सांगितलं. "परवा ये, घाई करू नको."

मित्सुए त्याच्या मागोमाग चढली.

"एकटीनं बघायचं ते सगळं बघून झालंय माझं," ती म्हणाली. "सरका पलीकडं."