पायरीवर भांडण नको

ब्लाउज शिवायला टाकून निघालेली बाई दारात एकदा थांबते, मागे वळते आणि विचारते, "नक्की ना?" तारीख सांगून झालेली असते, तिने ती मोबाइलमध्ये टाकलेलीही असते. तरी विचारते. तिला मी दोष देत नाही. आयुष्यभर तिला टेलरांनी फसवलेलं आहे.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका बुटीकमध्ये मी काही वर्षं ब्लाउज शिवायला होते. तिथली मालकीण स्वभावाने इतकी गोड, की तिच्या तोंडून मी "नाही" हा शब्द कधी ऐकला नाही. नवरात्र जवळ आलं की कापडांचे ढीग वाढत जायचे आणि ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "उद्या संध्याकाळी या, तयार ठेवते." मग संध्याकाळी बाहेर मंडपाचे भोंगे आणि आत बायकांचा आरडाओरडा. मशीनवर मान खाली घालून बसलेल्या आम्हाला सगळं ऐकू यायचं. मला राग यायचा तो मालकिणीचा. कापड चांगलं, शिलाई चांगली, आणि तरी दरवर्षी काही बायका रागावून जायच्या त्या कायमच्या. ही बाई गोड बोलून स्वतःचा धंदा बुडवते आहे, हे मला दिसत होतं आणि तिला दिसत नव्हतं. दुकान काढेन तेव्हा त्यात "उद्या या" ऐकू येणार नाही, हे मी तिथेच बसून ठरवलं.

दुकान काढायचं म्हटल्यावर गाळा हवा. आमच्या वन रूम किचनमध्ये एक मशीन मांडलं की जेवायला बसायची पंचाईत. डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावर गाळा रिकामा होता. इमारत इथल्या जुन्या आगरी कुटुंबाची, आणि कारभार सगळा त्या घरातल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या हातात. गाळ्याच्या बरोबर वर त्यांची बाल्कनी. मी टेलर आहे म्हटल्यावर त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"टेलर नको गो बाय. आदी एक व्हता हितं. नवरातीला माज्या पायरीवर बाया झिंज्या उपटायच्या बाकी राहायच्या. देवीच्या दिसात दारात शिव्या! मना नको."

मी तशी तोंडाची फटकळ. म्हटलं, "मावशी, दसऱ्यापर्यंत द्या. तोवर तुमच्या पायरीवर एक जरी भांडण झालं, तरी चावी मीच वर आणून देईन. तुम्हाला मागायलाही लागणार नाही."

त्यांनी चहाचा कप पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "बग हां. मी वरून बगत असतंय."

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अगं, नवरात्रात टेलरकडे भांडण नाही, असं कुठे झालंय का कधी?" नोकरी मी सोडलेली होती. हातातल्या बांगड्या मोडून मशीन घेतलेलं होतं. नवरात्रात एका बाईचा आवाज चढला की सगळं संपलं, असा तो मामला होता. पण त्याच्या त्या प्रश्नाने मला उलट चेव आला.

पहिल्या दिवसापासून मी दुकान माझ्या पद्धतीने चालवलं. सकाळी फक्त कटिंग. शटर अर्धं खाली आणि फोन डब्यात. शिलाई चुकली तर उसवता येते, कात्री चुकली की कापड गेलं. म्हणून कात्री हातात असताना मी कुणाशी बोलत नाही. सुरुवातीला येणाऱ्या बायका अर्ध्या शटरखालून वाकून बघायच्या. "झोपलीस काय गं?" असंही एकीने विचारलं. विचारू दे. दुपारनंतर शटर पूर्ण वर, मग कितीही बोला.

मापाचा ब्लाउज आणल्याशिवाय कापड घ्यायचं नाही, हा दुसरा हट्ट. "अंदाजे शिव गं, मागच्यासारखाच" म्हणणाऱ्या बाईला मागचा ब्लाउज आणायला मी घरी परत पाठवत असे. तिची चिडचिड त्या दिवशी परवडते. ब्लाउज नेताना झालेली परवडत नाही. आणि मनात जो दिवस येईल त्याच्या पुढचा दिवस तोंडाने सांगायचा. तो वाढवलेला मधला दिवस माझा. बाही घट्ट झाली, लाइट गेली, ताप आला, तर तो दिवस उपयोगी पडतो. काहीच झालं नाही, तर बाईला फोन करून सांगायचं, ब्लाउज तयार आहे, घेऊन जा. टेलरचा फोन स्वतःहून आला म्हणून एक बाई घाबरलीच. तिला वाटलं, कापड जळलं.

शटर ओढायच्या आधी मी मशीनमध्ये दुसऱ्या दिवशीचा धागा ओवून ठेवते, बॉबिनसकट. सकाळी कुठून सुरुवात करू असा विचार करत बसायला लागत नाही. धागा हिरवा असेल तर हिरवं काढायचं आणि बसायचं.

हे सगळं ठीक होतं. पण नवरात्राची खरी अडचण माझ्या हातात नव्हती. ती पितृपक्षात होती.

नवरात्राचे नऊ रंग जाहीर होतात आणि बँकेतल्या, शाळेतल्या, भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांना एका दिवशी एकच रंग नेसायचा असतो. त्याच्या आधी पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कुणी नवीन कापड घेत नाही, घेतलं तर शिवायला टाकत नाही. म्हणजे ते दिवस टेलर रिकामा माशा मारतो, आणि सर्वपित्री अमावास्या झाली की सगळा गाव एकदम कापड घेऊन दारात. देवी दुसऱ्या दिवशी बसणार. भांडण होणार नाही तर काय होणार? ठाण्याच्या दुकानात दरवर्षी हेच व्हायचं आणि दरवर्षी सगळे गर्दीला नावं ठेवायचे.

मी गिऱ्हाइकांना गौरी-गणपतीच्या आधीच सांगायला लागले, नवरात्राचं कापड अनंत चतुर्दशीच्या आत द्या. बायका हसल्या. "अगं, गणपती तरी बसू दे!" एक शिक्षिका, माझी अगदी सुरुवातीची गिऱ्हाईक, म्हणाली, "पण म्हणजे तू पितृपक्षात शिवणार ना? आमच्याकडे चालत नाही गं." मी म्हटलं, "बाई, पितृपक्षात नवीन काम सुरू करायचं नाही, बरोबर? मी तुमच्या कापडाला कात्री आधीच लावते. सुरू झालेलं काम पूर्ण करायला काय हरकत आहे?" तिने विचार केला. सासूला फोन लावला. सासू पलीकडून म्हणाली, सुरू झालेलं काम अर्धवट ठेवू नये, उलट तेच वाईट.

मग काय! ते वाक्य मी गिऱ्हाइकागणिक वापरलं. गणपतीच्या दिवसांत मोदकांच्या हातांनी बायका कापडं आणून देत होत्या आणि मी फक्त कापत होते. विसर्जनाच्या दिवशी ढोलताशे रस्त्यावरून गेले तेव्हा माझ्याकडचा प्रत्येक तुकडा कापून, मापाच्या ब्लाउजसकट बांधून, रंगाप्रमाणे लावून झालेला होता. पितृपक्षात बाकीचे टेलर गावी गेले. मी सगळे लाल एका धाग्यात शिवले, मग सगळे पोपटी, मग सगळे जांभळे. रोज एक रंग. इतकं शांतपणे मी आयुष्यात कधी काम केलं नव्हतं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

सर्वपित्रीच्या दुपारी ती शिक्षिका पुन्हा आली. सोबत तिची जाऊ आणि जावेचं कापड. मी नाही म्हटलं. जाऊ तोंड वाकडं करून गेली, पण आवाज न चढवता गेली.

आणि संध्याकाळी मालकीणबाई खाली उतरल्या.

हातात पिशवी, पिशवीत पोपटी कापड. भजनी मंडळाच्या बायकांबरोबर त्या टेंभी नाक्याच्या देवीला जाणार होत्या, पोपटी रंगाच्या दिवशी. "पितरांच्या दिसात कसा आनू? म्हनून आज पितरा जेवून जाईपर्यंत थांबले. चार दिसांत दे."

हातातली हूकपट्टी मी खाली ठेवली. वेळ काढता आला नसता असं नाही. कुणाचा तरी मधला दिवस खायचा, रोज थोडं जास्त बसायचं. पण दुपारीच मी एकीला परत पाठवलं होतं. आणि हा ब्लाउज घालून मालकीणबाई मंडळात मिरवल्या असत्या, की उद्या मंडळातली प्रत्येक बाई पिशवी घेऊन उभी. ठाण्याची मालकीण अशीच धंदा बुडवत होती.

"मावशी, नाही जमणार. माझं कापड घेणं चतुर्दशीलाच बंद झालं. दसऱ्यानंतर म्हणाल तेव्हा शिवून देते."

"माज्या गाल्यात बसून मनाच नाय?"

"तुम्हाला हो म्हटलं तर बाकीच्यांना काय सांगू?"

मग त्यांनी जो आवाज लावला! गाळा कुणाचा, पाणी कुणाचं, लाइट कुणाची, आणि कालची आलेली पोरगी मला नियम शिकवते. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. भाजीवाला गाडी थांबवून बघायला लागला. मी पायरीच्या आत, त्या पायरीवर. मी एक शब्द उलट बोलले नाही, पण कापडही घेतलं नाही. त्या वर निघून गेल्या तेव्हा मी खाली ठेवलेली हूकपट्टी पुन्हा हातात घेतली.

"एक ब्लाउज शिवला असतास तर काय बिघडलं असतं?" नवरा म्हणाला. मी रडले. मग त्याला म्हटलं, गाळा गेला तर जाईल, पण त्याच्याआधी सांगितलेला प्रत्येक ब्लाउज सांगितलेल्या दिवशी जाईल.

तसे गेले. नऊ दिवस बायका येत होत्या, घालून बघत होत्या, घेऊन जात होत्या. एकीची बाही घट्ट झाली. मधल्या दिवसात सैल करून दिली. पोपटी रंगाच्या दिवशी मालकीणबाई सोनेरी ब्लाउजवर पोपटी साडी नेसून गेल्या. प्रत्येक बाईच्या कपाटात एक सोनेरी ब्लाउज असतो, सगळ्यावर चालणारा. माझ्याकडे न बघता त्या रिक्षात बसल्या. बाल्कनीत मात्र रोज बसत होत्या.

दसऱ्याला सकाळी मी मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. पायरीवर भांडण झालं होतं. शब्द दिला होता, तो माझा होता. चावी हातात घेतली आणि वर जायला निघाले, तोच जिन्यावरून त्या खाली आल्या. हातात आपट्याची पानं आणि पिशवी.

"मावशी, ही चावी."

"कनाला?"

"भांडण झालं ना पायरीवर."

"झाला. येकच बाय भांडली, ती मी." त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, चावीवरच. "आता मी माज्याच पायरीवरून मनाच हाकलू का काय? ठेव ती तुज्याकडं."

मग पिशवीतून कापड काढलं. जांभळं, जरीचं. त्यालाच मापाचा ब्लाउज बांधलेला. मी न सांगता.

"नातीचा लगीन हाय तुलशीच्या लग्नानंतर. कवा देशील?"

मनात दिवाळीचं काम मोजलं, त्यात एक दिवस मिळवला, आणि सांगितलं, "कार्तिकी पौर्णिमेला."

त्यांनी मान हलवली. पदर सावरून पायरी उतरल्या, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबल्या. मला वाटलं, आता मागे वळून विचारतील, "नक्की ना?" त्यांनी नुसती चप्पल नीट केली आणि वर निघून गेल्या.