मलेशिया उघडू द्या

लातूरच्या आडतीवर सोयाबीन न्यायचं म्हणजे एका खरेदीदाराशी गाठ ठरलेली. नाव मी कधी विचारलं नाही. पोत्यातला दाणा तो दाढेखाली धरतो, कट्ट आवाज आला की मान डोलावतो आणि भाव सांगायच्या आधी मोबाइल काढतो. तिथंच माझं डोकं फिरतं.

"थांबा मालक, मलेशियाचा दुपारचा बाजार उघडू द्या."

"अहो, माल रेणापूरचा हाय!"

"हाव, पण पाम तेल तिकडून यायलंय, त्याच्यावरच सोयाबीनचा भाव हालतोय. सरकारनं आयात शुल्क कमी केलंय नव्हं."

"मग मलेशियात कुणी रेणापूर उघडायची वाट बघतंय का?"

त्यानं पहिल्यांदाच मोबाइलवरून नजर हटवली. आणखी एक दाणा फोडला.

"न्हाई," तो म्हणाला. "पण वाळवलंय मात्र एक नंबर तुम्ही."

आणि कालच्यापेक्षा कमी भाव सांगितला.