पाणी न लागणारी गाडी

आमच्या गाडीला पाणी लागत नसे, ही गोष्ट सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत शेवटपर्यंत कुणाला पटली नाही. तिला रेडिएटर नव्हता, पाण्याची टाकी नव्हती. इंजिन पार मागे, आणि ते थंड ठेवायला एक पंखा. शेजारच्या मावशी वर्ध्याकडच्या. सकाळी नळावर पाणी भरताना त्या रोज विचारायच्या, "भाऊ, तुमच्या गाडीले बादलीभर देऊ का?" आणि माझे यजमान रोज तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "नको मावशी, तिचा उपास आहे."

ते गेले त्याला आता आठ महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की आधी शेवटचं आजारपण पुढे येतं, दवाखान्याचा जिना, औषधांच्या वेळा. म्हणून मी ठरवून गाडीपासून सुरुवात करते आहे.

पलसाण्याच्या एका मिलमध्ये, जिथे कापड रंगवतात आणि छापतात, तिथे ते फिटर होते. मी मराठी शाळेत शिकवत होते. आम्ही दोघंही साक्री तालुक्यातले, घरात अहिराणी बोलणारे. मिलच्या बॉयलरमागे एक जुनी जर्मन बनावटीची व्हॅन कित्येक वर्षं उभी होती. शेठच्या वडिलांनी कधीकाळी हौसेनं घेतलेली. टायर बसलेले, आत कबुतरांची वस्ती. तिथं नवी शेड बांधायची ठरली तेव्हा शेठनी ती भंगारात काढायला सांगितली, आणि यांनी ती मागून घेतली. शेठ हसून म्हणाले, "लई जा, पण पाछी नहीं लावतो." म्हणजे परत मात्र आणू नको.

ती एका टेम्पोला दोर बांधून गल्लीत आली. मी दारात उभी राहून पाहत होते. मला तेव्हा दुसरा महिना संपत आला होता आणि ही बातमी आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

"हाऊ डबा काय कामना?" मी विचारलं.

ते टायरला लाथ मारून पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "देखजो. तुले ह्या डबामा झोपाडीसन लई जासू."

या डब्यात झोपवून घेऊन जाईन. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण मला समजलं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी सुरतेत प्लेग आला तेव्हा अर्धं शहर पळालं. मी म्हणत होते, दारं लावून घरात राहू. त्यांना राहवेना. गल्ली रिकामी होत होती, जो तो गावाचं नाव घेत होता. शेवटी आम्हीही एका खच्चून भरलेल्या बसनं निघालो. मला चौथा महिना होता. गावी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी ते मूल गेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं की प्रवासाचा याच्याशी संबंध नाही, असं घरी बसूनही होतं. त्यांनी मान हलवली. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत. मात्र त्यानंतर गावी जायचं झालं की ते एकटेच जायचे.

आता पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज होताच. शिवाय सुरतेत माझ्याजवळ बसायला कुणी नव्हतं आणि आईला घर सोडून येणं शक्य नव्हतं. सातव्या महिन्यात जायचं होतं. रेल्वे नंदुरबारपर्यंत नेते, पण तिथून पुढे पुन्हा बसचे धक्के होतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जायचंच असेल तर झोपून आणि सावकाश." तो सल्ला मिळाला चौथ्या महिन्यात. त्यांनी गाडी त्याआधी दोन महिने आणून ठेवली होती.

कामावरून आले की ते गाडीखाली शिरत. मी वह्या तपासत ओट्यावर बसे. फक्त त्यांचे पाय दिसत आणि मधूनमधून हात बाहेर येई, "बारा नंबर दे." सुरुवातीला मी भलताच पाना द्यायची. मग ते म्हणत, "मास्तरीणबाई, नापास." पुढे पुढे मला आवाजावरून कळू लागलं की आता काय मागतील.

एका रविवारी इंजिन सुरू झालं. शिवणयंत्रावर जाड कापड घेतल्यासारखा तो आवाज होता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दहा मिनिटं ते इंजिन चालवून ठेवत. म्हणत, बंद ठेवलं तर ते विसरून जाईल.

तोवर गाडी गल्लीतल्या बायकांची झाली होती. आमच्याकडे दुपारी घरोघर साड्यांचं धागा कटिंग चाले. विणताना साडीच्या मागच्या बाजूला जे सुटे धागे लोंबतात, ते कात्रीनं कापून साडी साफ करायची. उन्हाळ्यासारखं ऊन पडायचं, पत्र्याच्या खोल्या तापायच्या. गाडीचं सरकतं दार उघडं, आत दोन्ही बाजूंनी वारा, मग काय, मावशींनी पहिली सतरंजी टाकली. मीच त्यांना या म्हटलं होतं. पाच-सहा जणी साड्या घेऊन तिथं बसायच्या, गप्पा मारायच्या, आणि संध्याकाळी उठताना कातरण झाडून मागच्या बाजूला लोटायच्या. तिथंच, थोड्या वेळानं, इंजिन सुरू व्हायचं.

सहावा महिना लागल्यावर ते गाडी पहिल्यांदा लांब घेऊन गेले, पलसाण्यापर्यंत. परत आले ते चेहरा उतरलेला.

"गरम व्हस," एवढंच म्हणाले.

मिलमध्ये एखादी मोटर तापली की काय करतात, ते मला त्यांच्याकडून माहीत होतं. वरचं झाकण काढायचं आणि समोर उभा पंखा लावायचा. वीस वर्षं ते हेच करत आले होते. त्यांनी इंजिनभोवतीचे सगळे पत्रे काढले. मोकळं झालं, आता हवा लागेल, म्हणाले. आणि भंगारवाला गल्लीत आलाच होता, तर ते गंजके पत्रे त्याच्या हातगाडीवर टाकून मोकळे झाले.

दुसऱ्या खेपेला गाडी निम्म्या वाटेतच उभी राहिली. ढकलत आणावी लागली. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मी म्हणाले, "आपण बसनंच जाऊ, पुढची सीट आधी सांगून ठेवू." ते एकदम म्हणाले, "बसनं नही." इतक्या वरच्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर तेच घाबरले.

मग त्यांनी रांदेरला जाऊन एका म्हाताऱ्या ड्रायव्हरना शोधून आणलं. ही गाडी नवी होती तेव्हा तेच शेठच्या वडिलांना फिरवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी मागचं झाकण उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री, आनां कपडां कोणे काढी नाख्यां?"

हिचे कपडे कुणी काढले? सगळ्या बायका खिदळल्या.

"गरम होती थी चाचा," हे म्हणाले. "हवा लगने के लिए खोल दिया."

"हवा तो आखा सुरतमां छे. पंखानी हवा क्यां जाय छे ए जो."

ते पत्रे म्हणजे झाकण नव्हतंच. पंख्याची हवा प्रत्येक सिलिंडरभोवती फिरवून आणायची ती वाट होती. वाट काढून टाकली, तर हवा नुसती पसरते आणि पंखा इंजिनाचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. यांना ते ऐकताक्षणी कळलं. हुशार माणसाला स्वतःची चूक कळते तेव्हा तो कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. ते खाली बसले आणि जमिनीवरचा एक नट उचलून पुसत राहिले.

"पण चाचा, पत्रे होते तेव्हाही तापत होती," मी म्हणाले.

चाचांनी सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांमध्ये, जिथून हवा जायला हवी तिथं, स्क्रूड्रायव्हर घातला आणि फिरवला. बाहेर एक वातीसारखा पीळ आला. राणी रंगाचा, मधे जरीची तार चमकणारा.

"तमारुं इंजिन साडी पहेरे छे?" चाचा म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पंख्यानं रोज संध्याकाळी आमचं कातरण ओढून घेतलं होतं आणि पट्ट्यांच्या फटी धाग्यांनी गच्च भरल्या होत्या, उशीत कापूस भरावा तशा. त्यांना तिथं बसायला बोलावलं मी होतं.

मावशीच पहिल्यांदा बोलल्या. "आमचाच धागा व्हय तो. आमीच काढतो."

"मावशी, इंजिन आहे ते," हे म्हणाले.

"मंग? धागा तं धागाच असते ना?"

पुढच्या रविवारी त्यांनी आणि चाचांनी मिळून इंजिन खाली उतरवलं. चार बोल्ट काढले की ते सुटतं, हे पाहून मला नवल वाटलं. मिलमधली कापड वाहायची ट्रॉली आणली होती, तिच्यावर ते ठेवलं. ट्रॉलीभोवती गोणपाटं पसरून बायका बसल्या. केसांच्या पिना, सुया, एकीनं तर क्रोशाची सुई आणली. पट्टी-पट्टीमधून धागे निघू लागले आणि त्यांना रंग ओळखू येऊ लागले. "हा पोपटी माझ्या गठ्ठ्यातला." "अन हा पहाय, लग्नसराईचा माल." मला कुणी हात लावू दिला नाही. मावशी म्हणाल्या, "तू निस्ती बस अन आमाले शाबासकी दे, मास्तरीन." मी ओट्यावर बसून पाहत होते. दुपारपर्यंत परातभर धागा निघाला.

पत्र्यांचं काम अवघड होतं. भंगारवाल्याकडचे पत्रे केव्हाच पुढे गेले होते. चाचांनी आठवून आकार सांगितले, यांनी ते वर्तमानपत्रावर कापले. गल्लीत ब्लाउज शिवणारी एक जण होती, तिनं कागद इंजिनावर लावून पाहिला आणि म्हणाली, "इथं टक्स घ्या भाऊ, नाहीतर झोळ येईल." यांनी टक्स घेतला. मग मिलमधले रंगाचे रिकामे पिंप कापून त्या पत्र्याचे तुकडे केले, वळवले, बसवले. पुढच्या पावसाळ्यात गाडी भिजली की पिंपातल्या उरल्या रंगाचे निळसर थेंब आमच्या इंजिनाखाली पडायचे.

मधल्या दिवसांत ते रोज गाडी घेऊन जात आणि येत. इंजिनावर हात ठेवून पाहत. मग एका सकाळी म्हणाले, "उद्या."

आम्ही उजाडता निघालो. गाडीत मागे गादी टाकली होती. तिच्याखालून इंजिनाची ऊब यायची, थंडीच्या त्या दिवसांत बरी वाटायची. बारडोली, व्यारा, सोनगड. आडवं पडून मला फक्त झाडांचे शेंडे आणि तारा दिसत होत्या. मागून येणारा प्रत्येक जण आम्हाला ओलांडून जात होता. एका उतारावर तर सायकलवाल्यानंही ओलांडलं, तेव्हा मी हसले तर ते म्हणाले, "जाऊ दे त्याले."

दर अर्ध्या तासानं ते थांबत. मागं येत, झाकणावर तळवा ठेवत, मग माझ्या पोटाकडे बघत.

"हालस ना?"

"हालतंय."

मग पुन्हा निघत. नवापूर गेलं, विसरवाडी गेली. कोंडाईबारीच्या घाटात ते निम्म्या चढावर थांबले. तिथं ट्रक उभे होते, त्यांच्या रेडिएटरमधून वाफा निघत होत्या. एका ट्रकवाल्यानं लगेच कॅन पुढे केला. "भाऊ, पानी टाक."

"याले पानी लागस नही."

"लागस नही म्हंजे? मंग का थांबना?"

मी उशीवरून मान उचलून पाहिलं. त्यांनी झाकणाला हात लावला नव्हताच. ते खिडकीतून माझ्याकडे पाहत होते. ते इंजिनासाठी थांबत नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"हालस," मी न विचारता सांगितलं.

गावी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. आई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, माझ्यावरून ओवाळून तिनं तो लांब टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आत चल म्हणाली. मी उंबऱ्यापाशी वळून पाहिलं तर हे अजून स्टिअरिंगमागेच बसलेले. इंजिन बंद होतं. मी परत गाडीपाशी गेले.

"उतरा ना."

त्यांनी समोर बघतच विचारलं, "यावेळे नीट आनं ना मी तुले?"

"हो. आणि तेव्हाही तुमची चूक नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"त्या बसमा तू उभी होती," ते म्हणाले. "नवापूरपावत. मी एकेक गाव मोजत होतो."

दोन वर्षं ते हे मनात धरून बसले होते, आणि मी समजत होते की त्यांना बोलायचं नाही. मी दारावर हात ठेवला.

"तुम्ही सगळ्या बसमधे माझ्यासाठी जागा मागत होतात," मी म्हणाले. "एकेकाला हात जोडत होतात. मला ते दिसत होतं. मला तेवढंच आठवतं त्या बसचं."

आतून आईनं हाक मारली, "जावईबापू, पाणी काढलंय." तेव्हा ते उतरले. हातपाय धुतले, आईनं वाढलं तेवढं सगळं जेवले आणि ओसरीवर आडवे झाले. दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. आईनं दोनदा विचारलं, उठवू का. मी म्हणाले, राहू दे.