देण्याघेण्याच्या साड्यांची खुर्ची

“टेकभाऊ, फोन जरा खाली धरा. अजून खाली. आता टेप तिच्या कमरेच्या मागून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत.”

“मॅडम, टेप आठे लावू का?”

“तिथेच. ओढू नका.”

टेकभाऊ नेपाळमधल्या त्यांच्या गावी होते आणि मी सुरतेत, आमच्या पुनर्वसन केंद्रात. व्हिडिओ कॉलवर खुर्चीची मापं घेणं चाललं होतं. नेपाळी माणूस अहिराणी कसा बोलतो, असा प्रश्न पडला असेल तर सांगते. टेकभाऊंनी सुरतेतल्या लिंबायत भागात लूमच्या कारखान्यांवर वॉचमन म्हणून अर्धं आयुष्य काढलं. आजूबाजूला सगळे धुळे-जळगावकडचे. त्यांची मुलगी सृजना तर आधी अहिराणी शिकली, नेपाळी नंतर.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माणसाला रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत, हे बघणं माझं काम. सृजना लहानपणापासून माझी पेशंट. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूकडून स्नायूंना हुकूम नीट पोचत नाहीत. डोकं मात्र तल्लख आणि तोंड त्याहून. आजी आजारी पडली म्हणून कुटुंब गावी परत गेलं. तिथे ती दिवसभर आडवी असे, कारण पाठीचा कणा एका बाजूला वाकायला लागला होता.

गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं, “मुलगी बसू शकत असेल तर घेतो. झोपवून शिकवायची सोय नाही.” नवीन वर्ग वैशाखात सुरू होणार होते.

बाजारातली साधी व्हीलचेअर चालली नसती. तिची सीट म्हणजे ताणलेलं कापड. त्यात असं मूल घसरतं, एका कुल्ल्यावर भार येतो, जखमा होतात. हिला हवी होती कस्टम सीटिंग, म्हणजे अंगाच्या मापाने कोरलेला फोम, दोन्ही कुशींना आधार, मानेला आधार आणि अख्खी सीट मागे कलती करायची सोय. किंमत चांगल्या स्कूटरएवढी. शिवाय मूल वाढतं. आज घेतलेलं माप काही महिन्यांनी शिळं होतं, त्यामुळे पैसे सावकाश जमवू म्हणायची सोय नव्हती.

मी जयेशभाईंकडे गेले. ते आमच्या ट्रस्टचे व्यवस्थापक. आधी कापड मार्केटमध्ये त्यांचा साड्यांचा गाळा होता.

“बेन, ट्रस्टनो रूपियो देश की बहार न जाय,” ते म्हणाले. “कायदा है.”

“पण ती आपलीच पेशंट होती.”

“थी. मेरा भी दिल है, पण ऑडिटर का नहीं है.”

मग मी सुशिक्षित माणसं करतात तेच केलं. पोस्टर. मराठी, हिंदी आणि गुजरातीत. खाली माझ्या खात्याचा क्यूआर कोड. पिठाच्या गिरणीवर लावलं, पानाच्या टपरीवर लावलं, गणेश मंडळाच्या बोर्डवर लावलं. केंद्रातल्या लोकांनी पैसे दिले, माझ्या भावाने दिले. टेकभाऊंच्या लिंबायतमधल्या जुन्या गल्लीतून जवळजवळ काहीच नाही. मला फार राग आला. ज्या गल्लीने त्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला एवढंही सुचू नये?

तसाच राग घेऊन मी त्याच गल्लीतल्या विमलबाईंकडे गेले. त्या घरी साड्यांना टिकल्या आणि लेस लावायचं काम करतात. सृजनाची आई कामाला जायची तेव्हा पोर त्यांच्याकडेच असायची. मी बोलत राहिले, त्या टिकल्या लावत राहिल्या.

मग म्हणाल्या, “मॅडम, कागद दखीसन कोन देस? पोर आमनी शे. लेकले आहेर करतस. तुम्ही येत्या रविवारे थांबा, मी गल्लीमा सांगस.”

मला वाटलं, पाकिटं येतील.

रविवारी साड्या आल्या. बायका नटूनथटून केंद्रात आल्या आणि प्रत्येकीच्या हातात एक साडी. काहींनी नारळही आणले. आहेर म्हटल्यावर नाव माइकवर घ्यायलाच हवं. पेशंटचे नंबर पुकारायचा आमचा माइक विमलबाईंनी ताब्यात घेतला आणि नावं पुकारायला लागल्या. फिजिओथेरपीला आलेले एक काका कुणाचं लग्न आहे म्हणून विचारून गेले.

माझ्या टेबलावर ढीग लागला. सगळ्या देण्याघेण्याच्या साड्या. प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतात त्या. एका लग्नात येतात, दुसऱ्या लग्नात जातात, नेसत कुणीच नाही. बारा वर्षांची मुलगी, जिला बसता येत नाही, तिच्यासाठी एवढ्या साड्या. मी कपाळाला हात लावला. कुणाला काही बोलताही येईना, कारण प्रत्येकीने मनापासून दिलं होतं.

माइकचा आवाज ऐकून जयेशभाई बाहेर आले. आता ओरडणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी एक साडी उचलली, पदर अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला. दुसरी उचलली. चेहरा बदलला.

“बेन, तुम रो क्यूं रही हो? आ तो माल छे.”

“हा माल घेणार कोण?”

“लगन की सीझन है. जिसने दिया, वही लेगा.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण ट्रस्ट की जगह पर नहीं. ट्रस्ट का नाम भी नहीं. मैं रविवार को छुट्टी लेके आऊंगा.”

पुढच्या रविवारी लिंबायतमध्ये मंडळाच्या शेडमध्ये पांढरी गादी पडली. जयेशभाई मांडी घालून बसले आणि त्यांचं वय उतरलं. साडी झटक्यात उलगडायची, पदर दाखवायचा, भाव सांगायचा, मग दुःखी चेहऱ्याने कमी करायचा. भाव मार्केटपेक्षा थोडा खालचाच. घरात लग्न असलेल्या बायका गठ्ठ्याने घेऊन गेल्या. ज्या क्यूआर कोडकडे कुणी बघितलं नव्हतं, त्याच्यापुढे आता फोन घेऊन रांग लागली. मग दर रविवारी गादी पडायला लागली.

एक बाई साडी हातात घेऊन हसायला लागली. “हाई साडी ते मन्हीच शे.”

“मग?”

“मंग काय, परत लेस. भाचीना लगनमा लागी.”

ती साडी भाचीच्या लग्नात गेली आणि दोन रविवारांनी तिथून आहेर होऊन आमच्याकडे परत आली. एका मोरपंखी साडीने तर सृजनासाठी इतक्या फेऱ्या मारल्या, की जयेशभाई तिला कर्मचारी म्हणायला लागले. फाल्गुन लागायच्या आत पैसे पुरे झाले.

फ्रेम सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली. फोम मी स्वतः कोरला. सुरू करण्याआधी पुन्हा कॉल लावून मापं तपासली, तर पाय वाढले होते. पायांची पट्टी खाली घेतली. अजून एक-दोन महिने गेले असते, तर सीटही नव्याने करावी लागली असती. टेकभाऊंचे मेहुणे इथेच, सुरतेच्या इच्छापोर भागात वॉचमन आहेत. ते होळीच्या सुट्टीवर गावी निघाले होते. खुर्चीचे भाग सुटे करून पोत्यांत भरले आणि त्यांच्याबरोबर रेल्वेने पाठवले. जोडणी मी व्हिडिओवर सांगितली. एक स्क्रू उलटा बसला, तो काढायला लावला.

स्क्रीनवर सृजना खुर्चीत बसली. मान ताठ, दोन्ही हात मोकळे. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, अंगण पूर्ण बघून घेतलं. मला रडू आलं. माझ्या मागे जयेशभाई उभे होते, त्यांनी चष्मा पुसायला काढला. शेजारी बसलेल्या विमलबाई पोर वाळली म्हणून फोनवरच तिच्या आईवर रागावल्या.

या प्रकरणातून मी एक शिकले. माणसाच्या अंगाची मापं घ्यायला टेप पुरते, पण तो कसा देतो ते विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारलं नव्हतं, पोस्टर लावलं होतं.

वैशाख संपता संपता टेकभाऊंचा फोन आला. आवाज काळजीचा होता. सीटने जखम केली असेल, हा पहिला विचार.

“शाळेतून तक्रार आली मॅडम,” ते म्हणाले आणि फोन पोरीकडे दिला.

“काय झालं गं?”

“मी वर्गमा भलतीच बडबड करस,” सृजना म्हणाली. “म्हनीसन मास्तरनीनी मन्ही खुर्ची कोपराले लाई दिधी.”

मी तिला थोडं रागावले. मग फोन ठेवून जयेशभाईंना सांगायला गेले, की खुर्ची बरोबर बसली आहे.