भंडाऱ्यातला कागद

"मास्तर, यात आमचं रान हाय," असं म्हणून बिराप्पा आबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याला हात जोडले. कागद हळदीनं पिवळाधमक झाला होता.

मी शाळेतून रिटायर झाल्यापासून मोडी वाचून देतो. मोडी म्हणजे जुन्या दप्तरांची, भराभर लिहायची लिपी. मजकूर देवनागरीत उतरवायचा, खाली सही-शिक्का मारायचा. त्याला लिप्यंतर म्हणतात आणि ते कचेरीत चालतं.

आबा माणदेशातून एसट्या बदलत विश्रामबागेत माझ्या घरी आले होते. गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या घरची मेंढरं पिढ्यानपिढ्या चरत आलेली. आता तो माळ सरकारी म्हणून सोलर प्लांटला निघाला होता. सोमवारी सुनावणी होती. प्रांतसाहेबांनी जुना पुरावा आणायला सांगितलं होतं. पुरावा देव्हाऱ्यात होता. दर दसऱ्याला त्यावर भंडारा पडायचा, पण वाचला कुणीच नव्हता.

मी ब्रशनं हळद झाडली. महाराजांच्या काळातल्या जमीन पाहणीची नक्कल निघाली. मी हरखलोच. वतनदाराच्या तोंडी शब्दावर न राहता महाराजांनी शेतं काठीनं मोजायला लावली, रयतेला केवढा आधार झाला, असं सगळं मी आबांना वर्गात सांगावं तसं सांगत बसलो. तेही खुशीत ऐकत होते.

माळ शेवटच्या ओळीत आला. तो पडीक आहे, नांगर लागत नाही, म्हणून काठी लावलेली नाही आणि कुणाच्या नावे धरलेला नाही. त्या काळी ही सवलतच होती. शेतसारा पडू नये म्हणून मोजणी नाही.

त्या ओळीवर झाडूनही हळदीचा पुसट थर राहिला होता. 'अक्षर अस्पष्ट' एवढं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग आहे तसं लिहिलं. तो प्रामाणिकपणा होता की स्वतःच्या सहीची भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी ते वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "मंजी महाराजांच्या माणसांनीबी आमाला मोजलं न्हाई?"

"आबा, हे सुनावणीत दाखवू नका," एवढंच म्हणालो.

"आवं, देवाचा कागद हाय. लपवायचा कसा?"

त्यांनी दाखवला. साहेबांना तेवढी एकच ओळ पुरली. माळाला तारेचं कुंपण पडलं, मेंढरं गेली.

काही महिन्यांनी आबा पुन्हा आले. चहाही घेतला नाही. कागद टेबलावर ठेवला. या खेपेला हात जोडले नाहीत.

"ठिवा तुमच्याकडंच. वाचता येत नव्हतं तवाच बरं हुतं."

तो माझ्या कपाटात आहे. आता कुणी देव्हाऱ्यातला कागद आणला की मी आधी विचारतो, वाचायलाच हवा का? आजवर सगळे हो म्हणालेत.