बाबांच्या पायावरचं तेल

बाबांना लकवा झाला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, तोही अडखळत वाचणारा. बाबा सौंसरच्या बागांमध्ये संत्र्याच्या रोपांना डोळे बांधायचे, म्हणजे कलमं करायचे. दिवसभर उकिडवं बसून एका रोपापासून दुसऱ्याकडे सरकायचं काम ते. आता त्यांचं डावं पाऊल लोंबत होतं. उभे राहिले की तोल जायचा, चालताना अंगठा जमिनीला घासायचा. हिवाळ्यात डोळे बांधायला जाता येईल की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्या डोक्यात असायचा.

नागपूरच्या एका दवाखान्यात पायाला करंट देतात असं कळलं. आठवड्यातून दोनदा मी त्यांना बसने नेऊ लागलो. पहिल्या दिवशी तिथे करंट देणाऱ्या भाऊंनी गुडघ्याखाली दोन ओल्या पट्ट्या बांधल्या आणि मशीनचं बटण हळूहळू फिरवलं. लोंबणारं पाऊल टुणकन वर आलं.

"अरे बापा, हा तं बेंडकावानी उडून राहिला!" बाबा म्हणाले. लकव्यानंतर ते पहिल्यांदाच हसले.

"काकाजी, नुसते पाहू नका," भाऊ म्हणाले. "मशीन उचलते तवा तुमी बी जोर लावा. मशीन मास्तर आहे, पास तुमाले व्हायचं आहे."

त्या दिवशी दोन दांड्यांच्या मधून बाबा सहा पावलं चालले. निघताना भाऊंनी सूचनांचा छापील इंग्रजी कागद माझ्या हातात दिला.

घरी मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणजे जवळजवळ सगळा. पाऊल उचललं हे ऐकल्यापासून आईच्या अंगात बळ आलं होतं. बाबांच्या पायाला चोळायला चुलीवर जवसाच्या तेलात लसूण तडतडत होता. कागदात एक ओळ होती: कातडी साबणाने धुतलेली असावी, तेल अजिबात नको, तेलाने करंट अडतो. मी आईकडे पाहिलं आणि ती ओळ सोडून दिली. बसमध्ये, दवाखान्यात तिच्या हाताला काही काम नव्हतं. तेल तेवढं तिचं होतं. निघण्याआधी टॉवेलने पुसलं की झालं, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या खेपांना पाऊल कमी कमी उचलू लागलं. भाऊ बटण आणखी फिरवायचे. बाबांना चटके बसायचे, पाऊल मात्र नुसतं थरथरायचं. मला शंका आली होती. तरी मी बोललो नाही. रोज उद्यावर ढकलत राहिलो. असा महिना गेला.

"राहू दे आता," बाबा एकदा म्हणाले. "पाय मेला. मशीन तरी काय करन?"

मी कसंबसं त्यांना पुन्हा नेलं. त्या दिवशी भाऊंनी पट्टी बांधण्याआधी पायावरून तळवा फिरवला आणि थांबले.

"काकाजी, तेल लावून येता काय?"

"रोज. दोन टाईम," बाबा कौतुकाने म्हणाले. "घरवाली लावते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "कागद वाचला नाही काय?"

"वाचला," मी म्हणालो.

त्यांनी पाय साबणाने धुतला, पट्ट्या पुन्हा बांधल्या. पाऊल वर आलं. पहिल्या दिवसासारखंच. बाबा हसले नाहीत. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, "मायले सांगू नको."

पुढच्या खेपेच्या आधीच त्यांना दुसरा झटका आला. वाचा गेली, उठून बसणंही संपलं. नागपूर सुटलं.

आता करंट नव्हता, त्यामुळे तेलाला हरकत नव्हती. आई सकाळ-संध्याकाळ त्यांचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची.

"पाय येऊन राहिला होता रे," ती एकदा मला म्हणाली. "त्या मशीनीनंच घात केला. माह्या तेलावर ठेवलं असतं तं आज चालले असते."

बाबांना ऐकू येत होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी कागदातली ती ओळ तेव्हाही वाचली नाही. "हो, आई," म्हणालो.